इकारिया, तालुका पेठ

बेटकरांनी आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता. जन्म सटाण्याचा, शिक्षण तिथलंच, नोकरी सगळी नाशिक जिल्ह्यात. मुंबईला दोनदा गेले ते कार्यालयाच्या कामाला, आणि मंत्रालयापासून समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही तसेच परत आले. का हो, असं विचारलं तर म्हणाले, "ड्यूटीवर होतो ना भाऊ." असा हा माणूस ग्रीस देशातल्या इकारिया नावाच्या बेटाविषयी अशा थाटात बोलायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं, हे आत्ताच तिथल्या ग्रामपंचायतीच्या पायऱ्या उतरून आले आहेत.

बेटकर हे त्यांचं खरं आडनाव नव्हे. खरं आडनाव रजेच्या अर्जापुरतं उरलं होतं. नाशिकला आमच्या प्रशिक्षण केंद्रात निवडून आलेल्या सरपंचांना कारभार शिकवायचं काम आम्हा दोघांकडे होतं. नव्वदीच्या मध्यावर महिलांचं आरक्षण आलं आणि पेठ, सुरगाणा, बागलाण, सिन्नर, कुठून कुठून बाया जीप भरभरून यायला लागल्या. बऱ्याच जणी घराबाहेर मुक्कामाला पहिल्यांदाच आलेल्या. त्यांना मी कायदा शिकवायचो आणि बेटकर 'कारभाराची ओळख' शिकवायचे. त्यांनी तासाला बेट काढलं, बायांनी त्यांना 'बेटाचे सर' केलं, आणि आम्ही त्याचं बेटकर केलं.

मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुम्हाला शोधत बसायला नको. मी त्यांच्यावर जळायचो. पहिल्या बॅचपासून शेवटच्या बॅचपर्यंत जळायचो, आणि ते गेल्यालाही आता बरीच वर्षं झाली तरी त्यात फारसा फरक पडलेला नाही.

माझा तास सकाळी दहाचा. ग्रामपंचायत अधिनियम मला कलमवार पाठ होता. कलम सात, ग्रामसभा. कलम पंचेचाळीस, पंचायतीची कर्तव्यं. मी फळ्यावर स्वच्छ अक्षरात लिहायचो, उदाहरणं द्यायचो, आवाजही माझा खणखणीत. साडेदहापर्यंत पहिली रांग डुलायला लागायची. त्या बिचाऱ्यांचा दोष नव्हता. जन्मभर पहाटे उठून राबलेल्या, घाट ओलांडून आलेल्या त्या बाया. पण जेवणानंतर अडीचला, म्हणजे ज्या वेळी साक्षात ब्रह्मदेवालाही पेंग यावी अशा वेळी, बेटकरांचा तास असायचा आणि त्या खोलीतून हसण्याचे, भांडण्याचे आवाज यायचे. मी शिक्षककक्षात बसून उगाच कागद चाळायचो आणि कान तिकडे लावायचो.

त्यांची सुरुवात ठरलेली. फळ्यावर एक लांबट, वाकडातिकडा आकार काढायचा. मधोमध डोंगराची रेघ ओढायची. "हे बेट. हा डोंगर. आपल्या सप्तशृंगीहून थोडा बुटका. या अंगाची गावं त्या अंगाच्या गावांना ओळखत नाहीत. मधे डोंगर, खाली समुद्र, रस्ता नाही." की लगेच सुरगाण्याकडची कोणीतरी म्हणायची, "आमच्यावाणीच हाय की मग." झालं. ग्रीस देश तिथून पुढे सुरगाण्याला लागून असायचा.

मग चाच्यांची गोष्ट. समुद्री लुटारू किनाऱ्यावर उतरायचे म्हणून तिथले लोक वर डोंगरात, मोठमोठ्या दगडांच्या आडोशाला घरं बांधून राहायचे. घरांना धुराडं ठेवायचे नाहीत, कारण धूर दिसला की घर सापडलं. हे ऐकल्यावर पेठकडच्या मंजुळाबाई नावाच्या सरपंच उठून म्हणाल्या होत्या, "मंग त्या बायांचे डोळे?" बेटकर फळ्याकडून त्यांच्याकडे वळले. म्हणाले, "बाई, इतिहास लिहिणाऱ्याला हे सुचलं नाही. तुम्ही विचारलंत." मंजुळाबाई खाली बसल्या, पण पुढचे चार दिवस त्या ताठ बसल्या. मी माझ्या तासाला पाहिलं ना.

या बेटाचं त्यांच्याशी नातं जुळलं ते एका इंग्रजी पुस्तिकेमुळे. मेन रोडवरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात त्यांना ती मिळाली होती. मुखपृष्ठ गेलेलं, आत बेटाचा इतिहास आणि शेवटी तिथल्या गावकारभाराची माहिती. सटाणा-नाशिक एसटीत त्यांनी ती इतक्या वेळा वाचली, की पानं मऊ पडली. मग एके दिवशी या गृहस्थांनी तिथं पत्र टाकलं. पत्त्यावर लिहिलं, 'प्रति, मा. सरपंच, इकारिया, ग्रीस', अर्थात इंग्रजीतून, आणि आत आपल्या नेहमीच्या पद्धतीनं विषय, संदर्भ, 'उपरोक्त विषयान्वये विनंती करण्यात येते की' असं सगळं. त्याची एक प्रत त्यांनी फाइलला लावली होती. आम्ही पोट धरून हसलो. चार महिन्यांनी उत्तर आलं! तिथल्या एका गावच्या कारकुनानं मोडक्या इंग्रजीत दोन पानं लिहिली होती. पुढे वर्षातून दोन-तीन पत्रं नियमानं यायची. मी जिल्ह्याच्या कार्यालयाला सात वर्षांत पाठवलेल्या एकाही पत्राला उत्तर आलेलं नव्हतं, हे मी त्या दिवशी चहा पिताना मनात मोजलं.

त्या पत्रांमुळे एकदा मोठी गंमत झाली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तिकडच्या सरकारनं लहान लहान गावांचे कारभार एकत्र करून मोठ्या नगरपालिका केल्या. इकारियावर तीन झाल्या. कारकुनानं कळवलं, की आमच्या गावचं अध्यक्षपद गेलं आणि मला आता मोठ्या गावच्या कचेरीत बसवणार. बेटकरांनी आठवडाभर तोंड पाडलं. डब्यातली भाजीसुद्धा पुरी खाईनात. मी म्हणालो, "अहो, इथं सातपूर गेलं, अंबड गेलं, अख्खी गावं नाशिकच्या महापालिकेनं पोटात घातली, तेव्हा नाही तुम्हाला सुतक लागलं!" ते म्हणाले, "तेव्हा मला कोणी पत्र लिहिलं नव्हतं, भाऊ." असली उत्तरं त्या माणसाला आयती सुचायची. मला घरी गेल्यावर सुचायची, तीही दुसऱ्या दिवशी.

सरपंचबायांबरोबर त्यांचे नवरेही यायचे. 'आमच्या मंडळींना काही समजायचं नाही' म्हणून मागच्या बाकांवर ठाण मांडून बसायचे. मी त्यांना बसू द्यायचो, कारण खरं सांगायचं तर माझ्या तासाला वह्या तेच भरायचे. बेटकर मात्र पहिल्याच दिवशी हात जोडून, आपली अहिराणी मिसळत म्हणायचे, "पाव्हणं मंडळी, या बेटावर जायच्या बोटीत जागा सरपंचांपुरतीच शे. तुम्ही तोवर पंचवटीला दर्शन करून या." नवरे हसत हसत उठायचे. एकही कधी चिडला नाही. मी एकदा तेच करून पाहिलं तर एकानं माझी तक्रार केली.

आणि भेटी! कोर्स संपून गावी गेलेल्या बाया पुढे नाशिकला कामाला आल्या, की केंद्रावर डोकावायच्या. नागलीचे पापड, नवा तांदूळ, वालाच्या शेंगा, सगळं बेटकरांच्या टेबलावर. ते निम्मं मला द्यायचे. ते मी घरी न्यायचो आणि बायको म्हणायची, "बेटकरांनी दिले का?" तिला एकदाही वाटलं नाही की मलाही कोणी देऊ शकतं. ते एकदा आमच्याकडे जेवायला आले होते. पंधरा वर्षं मी नोकरीतलं काही सांगायला लागलो की ही कुकरची शिट्टी मोजायची. त्यांना मात्र तिनं बेटाविषयी तीन प्रश्न विचारले. त्या दिवशी मला भात गेला नाही.

आता त्यांच्या तासाचा जो गाभा होता त्याकडे येतो. १९१२ साली इकारियाच्या लोकांनी तुर्कांचा अंमल झुगारला, आणि ग्रीसमध्ये सामील होईपर्यंत पाच महिने ते बेट कोणाचंच नव्हतं. आपलं आपण. त्यांनी झेंडा केला, पोस्टाची तिकिटं छापली, आणि खायचे वांधे झाले. इथपर्यंत सांगून बेटकर खडू ठेवायचे आणि मागच्या बाकावर जाऊन बसायचे. "झेंडा झाला. तिकिटं झाली. पीठ संपलं. वरून कोणी येणार नाही, बीडीओ नाही, कलेक्टर नाही. आता सरपंचबाई, पहिली मीटिंग कशाची?"

"पिठाची," कोणीतरी म्हणायची.

"पाण्याची," मंजुळाबाई म्हणाल्या होत्या. "पीठ शेजारणीकडं उसनं मिळतं. पाणी नाय देत कोणी."

"मग कोणाला आधी?"

"जिच्या घरी बाळंतीण हाय तिला. मंग म्हातारी माणसं. पुढाऱ्याच्या दारात टँकर लागतो तसा नाय लावायचा."

"हे ठरवायचं कोणी?"

"पाणी भरतं त्यानंच. म्हंजी आम्हीच."

मी हे सगळं व्हरांड्यात उभा राहून ऐकलं होतं. माझ्या कलम पंचेचाळिसातलं निम्मं त्यात येऊन गेलं होतं, आणि त्या बाईला ते कलम आहे हे माहीतही नव्हतं.

पुढच्या बॅचला मला धक्का बसला. बेटकर सांगत होते, "मग त्या बेटावरच्या बायांनी काय ठरवलं माहीत आहे? आधी पाणी. आणि पाणी आधी बाळंतिणीला." म्हणजे मागच्या बॅचला मंजुळाबाई जे बोलल्या ते आता इकारियाच्या इतिहासात जाऊन बसलं होतं! मी दोन-तीन बॅचेस कान देऊन ऐकलं. दर वेळी तेच. सिन्नरची कोणी शाळेच्या खोलीविषयी काही शहाणपणाचं बोलली, की पुढच्या महिन्यात ते बेटावर घडलेलं असायचं. मी त्यांच्याकडून ती पुस्तिका 'सहज वाचायला' म्हणून मागून नेली आणि पेन्सिल घेऊन तीनदा वाचली. पाच महिने होते, झेंडा होता, तिकिटं होती, टंचाई होती. बाळंतीण कुठेच नव्हती.

मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, फार दिवसांनी मला पोटभर जेवण गेलं.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये मी त्यांना विचारलं, "हे पुस्तकात कुठे आहे हो?" मला वाटलं गडबडतील. ते बशीत चहा ओतत शांतपणे म्हणाले, "नाही ना भाऊ. पुस्तकात नाहीच शे ते." आणि मग माझ्याकडे झुकून, एखादी घरातली गोष्ट सांगावी तसं म्हणाले, "काय आहे, 'तुमचं बरोबर आहे' असं त्या बायांना म्हटलं की त्या पदर तोंडाला लावून हसतात आणि विसरतात. 'तिकडं असंच केलं' म्हटलं की वहीत लिहून घेतात. तुम्हाला म्हणून सांगितलं."

मला म्हणून सांगितलं होतं. विश्वासानं.

तीन-चार महिन्यांनी तालुक्याच्या कार्यालयातून एक पत्र केंद्रावर आलं. मंजुळाबाईंच्या गावच्या ग्रामसभेनं ठराव केला होता: 'इकारिया ग्रामपंचायतीच्या धर्तीवर, टंचाईच्या काळात टँकरचे पाणी प्रथम कोणास द्यावयाचे हे गावातील महिलांची सभा ठरवील.' त्यावर तालुक्याच्या कारकुनानं जिल्ह्यातल्या साऱ्या ग्रामपंचायतींची यादी चाळली, कळवणला विचारणा केली, सुरगाण्याला केली, आणि शेवटी आम्हाला लिहिलं, 'सदर इकारिया ग्रामपंचायत कोणत्या तालुक्यात आहे याचा बोध होत नाही. तरी खुलासा व्हावा.'

केंद्रात दोन दिवस हसण्याशिवाय काम झालं नाही. शिपायापासून सगळे एकमेकांना 'इकारिया, तालुका पेठ' म्हणून हाका मारत होते. प्राचार्यही हसले होते. हसून फाइल बंद झाली असती. पण प्राचार्यांनी खुलाशाचा मसुदा करायला कागद माझ्याकडे दिला, कायदा माझा म्हणून, आणि मी खुलाशासोबत एक टिपणी जोडली. 'संबंधित प्रशिक्षक अभ्यासक्रमाबाहेरील, अप्रमाणित व काल्पनिक माहिती देऊन अशिक्षित महिला लोकप्रतिनिधींची दिशाभूल करीत असल्याचे निदर्शनास येते. त्यांनी स्वतः तसे मान्य केले आहे.' माझं अक्षर फार चांगलं होतं. टिपणी वरपर्यंत गेली.

सव्वा महिन्यात बेटकरांची बदली झाली. सटाण्याला, आवक-जावक विभागात. आलेल्या टपालावर शिक्का मारायचा आणि रजिस्टरमध्ये नंबर घालायचा. पुढे एकही सरपंच त्यांच्यासमोर बसणार नव्हता. जाताना ते माझ्या टेबलाशी आले. त्यांना टिपणीविषयी कळलं होतं की नव्हतं, ते चेहऱ्यावरून काही समजेना. म्हणाले, "अडीचचा तास आता तुम्हीच घ्या. त्या वेळेला फळ्यावर ऊन येतं, खिडकीचा पडदा ओढून घेत जा." मी मान हलवली. निरोपाला हार घातला तो मीच.

अडीचचा तास मी आठ वर्षं घेतला. बायांनी पहिल्या महिन्यात विचारलं, "बेटाचे सर नाय का आले?" दुसऱ्या महिन्यातही विचारलं. मग नव्या बॅचेस आल्या, त्यांना बेटकर माहीतच नव्हते, आणि तरी त्या माझ्या तासाला डुलायच्याच. एकदा मी फळ्यावर बेट काढून पाहिलं. डोंगराची रेघ ओढली. एकीनं विचारलं, "सर, ही भेंडी हाय का?" मी पुसून टाकलं.

दोन हजार नऊच्या हिवाळ्यात बेटकर गेले. झोपेत गेले, निवृत्तीला वर्ष राहिलं होतं. सटाण्याला शोकसभा होती, केंद्रातून मी गेलो. मनाशी ठरवून गेलो होतो, की उभं राहून सगळ्यांदेखत सांगायचं. मंगल कार्यालयाच्या अंगणात पाहतो तर सात जिपा. पेठच्या, सुरगाण्याच्या, एक तर सिन्नरहून. बायांनी अंगण भरलेलं. कोणी आता सरपंच नव्हतं, कार्यकाळ केव्हाच संपले होते, बोलावणंही कोणी केलेलं नव्हतं. मी जिपा मोजल्या, आणि त्या क्षणी, त्या अंगणात, माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की माझ्या वेळी किती येतील? माणसाला लाज असावी. मला नव्हती.

बोलायला उभा राहिलो तेव्हा 'मनमिळाऊ सहकारी', 'कर्तव्यदक्ष', असं काय काय बोललो आणि बसलो. टिपणीचं नाव काढलं नाही.

नंतर चहा चालला होता तेव्हा मंजुळाबाई शेजारी येऊन बसल्या. केस पांढरे झाले होते, पण ताठ तशाच. त्यांच्याजवळ मात्र मला राहवलं नाही. मी म्हणालो, "बाई, तुमच्या ठरावावरून त्यांची बदली झाली ना, ती माझ्यामुळे झाली. मी वर लिहून दिलं होतं. की ते तुम्हाला खोटं शिकवतात. तुम्ही म्हणालेलं ते बेटाच्या नावावर खपवायचे."

त्यांनी चहाचा एक घोट घेतला. मग म्हणाल्या, "आमचंच बोलणं आमाला वळखू नाय येणार व्हय, सर?"

"म्हणजे?" मी विचारलं.

"पुढच्या येळंला मी परत आले होते ना चार दिवसांच्या कोर्सला. सर सांगत होते, बेटावर आधी बाळंतिणीला पानी दिलं. मी म्हनलं, अगं बया, हे तर माझंच! लय हसू आलं. सरांनी माझ्याकडं बघितलं, मी सरांकडं बघितलं. दोघंबी गप."

"मग ठरावात ते नाव कशाला घातलंत?"

"माझ्या नावानं मांडलं असतं तर गावातल्या पुरुषांनी हसून सोडलं असतं. बाई काय सांगते, म्हनले असते. परदेशातल्या ग्रामपंचायतीत असं हाय म्हनल्यावर कोणी तोंड नाय उघडलं. ग्रामसेवकानंबी गुमान लिहून घेतलं. अजून तसंच चालतंय आमच्याकडं. टँकर आला की आधी आम्ही बाया ठरवाया बसतो."

म्हणजे त्या वर्गात ज्यांची दिशाभूल होते म्हणून मी कागद काळा केला, त्यांना सगळं ठाऊक होतं. बेटकरांना ठाऊक होतं की त्यांना ठाऊक आहे. त्यांच्यात ते आपसात चाललं होतं, आणि व्हरांड्यात उभा राहून चोरून ऐकणारा मी तेवढा फसलो होतो. मी विचारलं, "त्यांना कळलं होतं का, कोणी लिहिलं ते?"

"आमी आलो होतो ना सटाण्याला, बदली झाल्यावर भेटाया. आम्ही इचारलं, कोणी केलं हे? तर म्हनले, ज्यानं केलं त्यानं खरंच लिहिलंय, एक अक्षर खोटं नाय. नाव नाय सांगितलं." मंजुळाबाईंनी कप खाली ठेवला आणि पदर सावरत उठल्या. "तुमचं नाव आत्ता कळलं आमाला."

जिपा निघाल्या तेव्हा त्या खिडकीशी बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. रागानं नव्हे, बोलता बोलता शेजारच्या बाईकडे वळल्या होत्या आणि दोघी कशावर तरी हसत होत्या.

गेलेल्या माणसाविषयी चांगलं बोलावं म्हणतात. मी चांगलंच बोललो आहे, एवढं चांगलं मी दुसऱ्या कोणाविषयी बोलणार नाही. त्यांची आठवण आली की डोळ्यांत पाणी येतं हेही खरं. पण ते पाणी तुम्हाला वाटतं तसलं नाही. त्या वर्गात एका बाईनं मान वर करून बघितलं, त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि दोघं गप्प राहिली, तो एक क्षण मला हवा आहे. मित्र परत मिळावा असं मला वाटायला हवं. मला वाटतं, त्या फळ्यापाशी मी असायला हवा होतो.